केळीं खाऊन बरीं झालेलीं मुलें

१९२४ सालीं न्यूयॉर्क शहरांतील बालरोगांचे वैद्य डॉ. सिडनी व्हॅलेंटाइन हास यांनीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय मासिकांत दहा आजारी मुलांची हकीकत छापली. या दहांपैकीं आठ मुलांना त्यांनीं पिकलेलीं केळीं भरपूर खावयास घातलीं. तीं आठही सुधारलीं. राहिलेल्या दोघांना हा उपचार मिळाला नाहीं. तीं दोन्ही मुलें दगावलीं. ज्या रोगानें या मुलांना ग्रासलें होतें त्यावर त्या काळीं खात्रीचें असें एकहि औषध नव्हतें. अशा वेळीं, कोणत्याहि फळवाल्याकडे मिळणारें एक साधें फळ मरणाच्या दारीं गेलेल्या मुलाला परत आणतें, हें वर्तमान त्यांच्या आईबापांना केवढें वाटलें असेल! पुढें सुमारें पंचवीस वर्षें हा केळ्यांचा उपचार अमेरिकेंत मान्यता पावून राहिला. त्यानें मुलें जगलीं हें खरें. नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु तीं केळ्यांमुळें जगलीं नव्हतीं. हें उघडकीस कसें आलें, आणि मग केळ्यांनीं त्या मुलांच्या पोटांत नेमकें केलें तरी काय, याचा इतिहास मोठा बोधक आहे.

या रोगाचें नांव सीलिअ‍ॅक. पोट या अर्थाच्या एका ग्रीक शब्दापासून तें आलें, आणि कॅपाडोशियाच्या आरेटायस या प्राचीन वैद्याच्या ग्रंथांत तें आढळतें. परंतु लहान मुलांतील या विकाराचें आजच्या वैद्यांना ओळखूं येईल असें चित्र प्रथम रेखाटलें तें लंडनच्या डॉ. सॅम्युएल जी यांनीं. १८८७ सालीं त्यांनीं लहान मुलांच्या रुग्णालयांत व्याख्यान दिलें व पुढच्या वर्षीं तें छापून निघालें. मूल अंगावरचें दूध सोडून वरचें अन्न खाऊं लागतें, कांहीं महिने बरे जातात, आणि मग एकाएकीं त्याची वाढ थांबते. शौचास फिकट, फेसाळ, दुर्गंधी व विपुल होतें. हातपाय काटकुळे होतात आणि पोट मात्र नगाऱ्यासारखें फुगतें. मूल चिडखोर होतें, खेळेनासें होतें, चालावयास शिकलेलें असलें तर चालणें विसरतें. खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं, असें आपल्या घरांतील वडील स्त्रिया म्हणतात, त्याचें हें अगदीं शब्दशः उदाहरण होय.

डॉ. जी यांनीं एक गोष्ट अचूक ओळखली. हा रोगी बरा व्हावयाचाच असेल तर तो आहाराच्या द्वारेंच होईल, असें त्यांनीं स्वच्छ सांगून ठेविलें. कोणता आहार, हें मात्र त्यांना सांपडलें नाहीं. त्यांनीं तांदूळ आणि साबूदाणा हे पिठूळ पदार्थ वर्ज्य ठरविले आणि पावाच्या पातळ चकत्या दोन्ही बाजूंनीं चांगल्या भाजून देण्यास हरकत नाहीं असें लिहिलें. आज पाहतां हें अगदीं उलटें झालें. निरुपद्रवी तांदुळाला घराबाहेर काढून खऱ्या अपराध्याला भाजून पानांत वाढलें! त्यांच्याच लेखांत एका मुलाची मौजेची हकीकत आहे. त्याला रोज हॉलंडकडील शिंपल्यांतील मांस लिटरभर मापानें देण्यांत येई, आणि त्यावर तें मूल चांगलें बाळसें धरूं लागलें. शिंपल्यांचा हंगाम संपला, मूल पुन्हां खालावलें. दुसऱ्या वर्षीं शिंपले आले तेव्हां तें कांहीं केल्या त्यांस तोंड लावीना. प्रयोग तेथेंच राहिला. शिंपल्यांनीं पोट भरलेल्या मुलानें पाव कमी खाल्ला असेल, असा तर्क आज करतां येतो. तेव्हां तो कोणाच्या मनांत आला नाहीं.

तो कां आला नाहीं, हें समजण्यासाठीं त्या काळच्या पचनशास्त्राकडे वळलें पाहिजे. धान्यें, कंदमुळें आणि फळें यांत जो पिठूळ व गोड भाग असतो त्याला आपण एकत्र कर्बोदकें म्हणतों. त्यांतील पिठूळ भाग, म्हणजे पिष्ट, हा साखरेच्या कणांची लांबच लांब माळ होय. ही माळ पोटांत कशी तुटते याचा शोध एकोणिसाव्या शतकांत लागत गेला. १८३१ सालीं लॉइक्स या जर्मन रसायनज्ञानें लाळेमुळें पिष्टाची साखर होते हें दाखविलें. भाताचा घांस पुष्कळ वेळ चावीत राहिल्यास तो गोड लागूं लागतो, हा शाळेंतील मुलांचा आवडता प्रयोग त्याचीच साक्ष देतो. १८३३ सालीं पायाँ व पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनीं मोड आलेल्या जवांतून पिष्ट फोडणारें द्रव्य वेगळें काढलें. त्यानंतर स्वादुपिंडाच्या रसांत अशाच जातीचें प्रबळ द्रव्य आहे असें आढळून आलें. एवढें ज्ञान हातीं आल्यावर वैद्यांची अशी समजूत झाली कीं, पाव म्हणजे पिष्ट. पाव खाऊन मूल बिघडतें. तेव्हां या मुलांना पिष्ट पचत नाहीं.

अनुमान सरळ दिसतें, परंतु त्याच्या पहिल्याच पायरीखालीं पोकळी होती. पाव म्हणजे केवळ पिष्ट नव्हे. बोलोन्या येथील बेक्कारी या प्राध्यापकांनीं १७२८ सालींच हें दाखवून दिलें होतें. गव्हाची कणीक मळून तिचा गोळा पाण्याच्या धारेखालीं चोळीत राहावें. पांढरें दुधाळ पाणी निघून जातें, तें पिष्ट. कुरडयांसाठीं गहूं भिजवून त्यांचा चीक काढणाऱ्या गृहिणींना हें पाणी ओळखीचें आहे. परंतु गोळा सर्व विरघळून जात नाहीं. हातांत एक करडा, चिवट, रबरासारखा ताणला जाणारा पदार्थ शिल्लक राहतो. त्याचेंच नांव ग्लूटेन. पोळी लाटतांना कणीक फाटत नाहीं आणि पाव भट्टींत फुगतो, तो या चिवटपणाच्या बळावर. हें पिष्ट नव्हे. मांस, अंडीं यांतील पौष्टिक द्रव्यांच्या जातीचें हें प्रथिन आहे. दोनशें वर्षें हा शोध ग्रंथांत पडून होता. आजारी मुलांच्या बिछान्यापर्यंत तो आलाच नाहीं.

१९०८ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. ख्रिश्चन हर्टर यांनीं या रोगावर पुस्तक लिहिलें, १९२१ सालीं डॉ. जॉन हौलंड यांनीं अमेरिकेंतील बालवैद्यांच्या सभेपुढें अध्यक्षीय भाषण केलें. दोघांचाहि रोख कर्बोदकांवर होता. हौलंड यांचा उपाय असा कीं, प्रथम कर्बोदकें जवळजवळ बंद करावीं आणि मग फार सावकाश, एकेक पदार्थ जोडीत जावें. यानें मुलें सुधारत. परंतु पाव पानांत परत आला कीं पुन्हां पहिले दिवस.

हास यांच्यापुढें हीच अडचण उभी होती. कर्बोदकें तोडावीं तर आधींच सुकलेलें मूल बळ कशावर धरणार? यापूर्वीं, अन्नावरची वासनाच उडालेल्या एका मुलाला त्यांनीं केळीं देऊन पाहिलीं होतीं आणि तें मूल सुधारलें होतें. तोच प्रयोग त्यांनीं सीलिअ‍ॅकच्या मुलांवर केला. त्यांच्या आहाराच्या यादींत पिकलेलीं केळीं, विशेष रीतीनें तयार केलेलें व साखर कमी असलेलें दूध, दुधाचा चक्का, संत्र्याचा रस, भाज्या आणि मांस हे पदार्थ होते. केळीं मूल खाईल तितकीं, सामान्यतः दिवसाला चार ते आठ. पाव, बिस्किटें, बटाटे आणि यच्चयावत् धान्यें यांना सक्त बंदी. मांस आणि भाज्या वगळल्या तर ही यादी एकादशीच्या फराळाशीं किती जुळते पाहा. फरक इतकाच कीं आपल्या उपासाला बटाटा चालतो, हास यांना तो चालत नसे!

आतां, पिकलेलें केळें पोटांत गेल्यावर काय होतें तें पाहूं. हिरव्या केळ्याच्या गरांत शेंकडा वीस ते पंचवीस भाग पिष्ट असतें. म्हणूनच त्याची भाजी होते, काप तळतां येतात. बटाट्याचीच जात ती. केळें पिकूं लागलें म्हणजे फळांतून एथिलीन नांवाचा वायु निघतो, त्याच्या प्रभावानें फळांतील पाचक द्रव्यें जागीं होतात आणि पिष्टाच्या माळा तोडूं लागतात. आठवड्याच्या आंत बहुतेक पिष्ट साखर होऊन जातें. पूर्ण पिकून सालीवर काळे ठिपके पडलेल्या केळ्यांत शेंकडा एकदोन भागच पिष्ट उरतें. म्हणजे जें काम मनुष्याच्या लाळेनें व स्वादुपिंडानें करावयाचें तें बव्हंशीं फळानेंच, सालीच्या आंत बसून, उरकून टाकलेलें असतें. तयार झालेली साखर तीन प्रकारची असते: एक, उंसाच्या साखरेसारखी जोडसाखर, जिला सुक्रोज म्हणतात, दुसरी द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, आणि तिसरी फलशर्करा, फ्रुक्टोज. शेवटच्या दोन्ही सुट्या कणांच्या साखरा आहेत. सुक्रोज ही या दोन कणांची जोडी होय. १८४७ सालीं द्यूब्रनफो या फ्रेंच रसायनज्ञानें फलशर्करा ओळखली.

जठरांत या साखरांवर विशेष कांहीं घडत नाहीं. खरा व्यवहार चालतो तो लहान आंतड्यांत. त्याची आंतली बाजू गुळगुळीत नाहीं. मखमलीच्या लवीसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर तेथें उभे असतात. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत त्यांना रसांकुर म्हणतात. या अंकुरांच्या पृष्ठावरच जोड तोडणारीं द्रव्यें बसविलेलीं असतात. सुक्रोजची जोडी फोडणारें द्रव्य वेगळें, पिष्टापासून झालेल्या माल्टोजचें वेगळें, दुधांतील लॅक्टोज नांवाच्या साखरेचें वेगळें. सुटी साखर मात्र तशीच उचलली जाते. ग्लुकोजचा कण मिठांतील सोडियमच्या कणासोबत, त्याच्याच जोरावर आंत ओढला जातो. हा सिद्धान्त रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६० सालीं प्राग येथील परिषदेंत मांडला. पटकीच्या रोग्याला मीठ-साखरेचें पाणी पाजून वांचवितां येतें, त्याचें रहस्य याच जोडीदारींत आहे. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं त्यावर हजारों जीव वांचविले; परंतु ती कथा निराळी. फ्रुक्टोजचा दरवाजा स्वतंत्र. तो लहान आंतड्यांत नक्की कोणता, हें १९९२ सालीं निश्चित झालें. तेथून या साखरा रक्तांत उतरतात आणि सर्वांत आधीं यकृताकडे जातात.

फळांतील सर्वच कर्बोदकें या मार्गानें जात नाहींत. पेशींच्या भिंतींचा चोथा आणि पेक्टिन मनुष्याच्या कोणत्याहि पाचक रसाला दाद देत नाहींत. ते मोठ्या आंतड्यांत जातात आणि तेथील जंतु त्यांवर आपला निर्वाह करतात. केळ्याच्या बाबतींत आणखी एक विशेष आहे. १९८६ सालीं केंब्रिजच्या एंग्लिस्ट व कमिंग्ज या दोघांनीं, लहान आंतड्याचें टोंक शस्त्रक्रियेनें पोटावर आणलेल्या माणसांना निरनिराळ्या पक्वतेचीं केळीं दिलीं आणि बाहेर काय येतें तें मोजलें. साखर जवळजवळ सर्व शोषली गेली होती. परंतु पिष्ट तसें नव्हतें. केळें जितकें कच्चें तितकें न पचतां पुढें जाणारें पिष्ट अधिक, तें चोथ्याच्या आठपटीपर्यंत. अर्थात् डॉ. हास यांनीं पिकलेल्याच केळ्यांचा आग्रह धरला यांत वैद्याची चांगली नजर होती.

असें हें फळ. आजारी आंतड्याला त्याचें ओझें थोडें होतें, यांत संशय नाहीं. हास यांनीं यापुढें पाऊल टाकलें. केळ्यांतील कर्बोदकें हीं कांहीं विशेष प्रकारचीं असून तींच रोग बरा करतात, आणि बाकीचीं कर्बोदकें तो वाढवितात, असा त्यांनीं सिद्धान्त बांधला. विशेष असें कीं, त्यांच्या १९२४ च्या लेखांतच खरें उत्तर लिहिलेलें आहे. पोर्तो रिको बेटांतील एक वृत्त त्यांनीं नमूद केलें होतें. तेथें शहरांत राहणारे, पाव पुष्कळ खाणारे लोक स्प्रू नांवाच्या अशाच जुलाबाच्या रोगानें पीडले जात. आणि खेड्यांतील शेतकरी, ज्यांचा निर्वाह मुख्यतः केळ्यांवर, त्यांना तो होत नसे. एका बाजूला पाव, दुसऱ्या बाजूला केळीं. हास यांनीं केळ्यांना श्रेय दिलें. पावाला दोष देण्याचें त्यांना सुचलें नाहीं. याबद्दल त्यांना हंसणें सोपें आहे. परंतु डोळ्यांदेखत मुलें मरत असतां ज्या पदार्थानें तीं उठून बसलीं त्याच्याकडेच वैद्याचें लक्ष जाणार. पानांतून जें काढून टाकलें त्याची आठवण कोण ठेवतो?

पानांतून काढलेल्या पदार्थाची आठवण ठेवणारा वैद्य हॉलंडांत निघाला. त्याचें नांव विलेम कारेल डिके. १९०५ सालीं डोर्ड्रेख्ट येथें त्यांचा जन्म झाला, आणि वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं ते हेग शहरांतील जुलिआना बालरुग्णालयाचे मुख्य झाले. पाव बंद केला कीं मुलाचें दुखणें उतरतें, असें एका तरुण मातेनें सांगितलेलें त्यांच्या कानांवर आलें होतें. बायकांच्या अशा बोलण्याकडे दुर्लक्ष करण्याची वैद्यांत चाल आहे. डिके यांनीं तें केलें नाहीं. महायुद्धापूर्वींच त्यांनीं गव्हावांचून आहार देऊन पाहण्यास आरंभ केला होता, आणि १९४१ सालीं त्याविषयीं लिहिलेंहि होतें. म्हणून दुष्काळामुळें त्यांना हा शोध योगायोगानें लागला, अशी जी गोष्ट सांगितली जाते ती अर्धीच खरी आहे. दुष्काळानें त्यांचा संशय पक्का केला, एवढेंच.

तो दुष्काळ १९४४-४५ च्या हिवाळ्यांतला. सप्टेंबर १९४४ मध्यें डच रेल्वे-कामगारांनीं संप केला, त्याचा सूड म्हणून जर्मनांनीं पश्चिम हॉलंडाकडे जाणारें अन्न अडविलें. कालवे गोठले. शिधा उतरत उतरत प्रौढ माणसाच्या गरजेच्या चौथ्या हिश्शावर आला. लोकांनीं ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाल्ले. सुमारें वीस हजार माणसें या हिवाळ्यांत मेलीं. सर्व शहराचीं मुलें वाळत होतीं, आणि त्याच वेळीं डिके यांच्या सीलिअ‍ॅकच्या मुलांची प्रकृति सुधारत होती! पाव नव्हता, म्हणून तीं सुधारलीं. मित्रराष्ट्रांच्या विमानांनीं अन्न टाकलें, देश मुक्त झाला, गव्हाचा पाव पुन्हां घरोघर आला, आणि हीं मुलें पुन्हां आजारी पडलीं. येथें केळ्याचा तर प्रश्नच नव्हता. शत्रूच्या ताब्यांतील त्या देशांत केळीं कोठून येणार? केळ्यांवांचून मुलें सुधारूं शकतात, ही गोष्ट हास यांच्या सिद्धान्ताला पहिला मोठा धक्का देणारी होती.

डिके यांना एवढ्यावर समाधान नव्हतें. युद्धानंतर त्यांनीं थोड्या मुलांना दीर्घ काळ देखरेखीखालीं ठेवून त्यांच्या आहारांत एका वेळीं एकच धान्य घातलें व काढलें, आणि प्रत्येकाच्या वजनाचा आलेख मांडला. गहूं आणि राय नांवाचें युरोपीय धान्य दिलें कीं रेषा खालीं वळे. तांदूळ, मका, बटाटा दिला असतां ती चढतच राही. १९५० सालीं उट्रेख्ट विद्यापीठाला त्यांनीं आपला प्रबंध सादर केला. व्हान दे कामर हे रसायनज्ञ आणि वायर्स हे वैद्य त्यांना सहकारी मिळाले. मुलाच्या मळांत न पचलेली चरबी किती हें अचूक मोजण्याची रीत त्यांनीं बसविली होती. त्यामुळें मूल बरें दिसतें, वाईट दिसतें, हें नुसत्या नजरेवर राहिलें नाहीं. याच मोजमापानें त्यांनीं गव्हाचे भाग पाडून पाहिले. १९५२ सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें डॉ. शार्लट अँडरसन, फ्रेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनींहि हेंच केलें. बेक्कारींच्या जुन्या रीतीप्रमाणें गहूं पाण्यानें धुवावा, पिष्ट एकीकडे करावें, ग्लूटेन दुसरीकडे. गव्हाचें पिष्ट मुलांना दिलें. कांहीं झालें नाहीं. ग्लूटेन दिलें, जुलाब परत आले. इतकीं वर्षें ज्या पिष्टावर आरोप होता तें निर्दोष सुटलें. ज्या तांदुळाला आणि साबूदाण्याला डॉ. जी यांनीं बाहेर काढलें होतें त्यांचीहि त्याबरोबर सुटका झाली.

मग आंतड्यांत बिघाड कोठें होता? १९५४ सालीं इप्सविच येथील डॉ. पॉली यांनीं, जिवंत रोग्यांवरील शस्त्रक्रियेंत मिळालेले आंतड्याचे तुकडे पाहून वर्णन केलें कीं, रसांकुर झडून मखमल घासून सपाट झाल्यासारखी दिसते. प्रेताच्या तपासणींत हें ध्यानांत येत नसे, कारण मृत्यूनंतर आंतडें लवकर कुजूं लागतें. दोन वर्षांनीं लंडनच्या डॉ. मार्गट शायनर यांनीं तोंडावाटे नळी सोडून आंतड्याचा कण काढण्याची रीत काढली, आणि मग शस्त्रक्रियेवांचून हें कोणालाहि पाहतां येऊं लागलें. ग्लूटेनचे कांहीं तुकडे पोटांत पुरते पचत नाहींत. ज्यांच्या अंगीं जन्मतः तसा कल आहे त्यांच्या शरीरांतील संरक्षक शक्ति त्या तुकड्यांना शत्रु समजून लढूं लागते आणि त्या लढाईंत स्वतःच्याच रसांकुरांचा नाश करते.

येथें केळ्याचें कोडें सुटतें. रसांकुर गेले म्हणजे त्यांवर बसविलेलीं, जोड तोडणारीं द्रव्येंहि जातात. सर्वांत आधीं व सर्वांत अधिक जातें तें दुधाची साखर तोडणारें, आणि परत यावयासहि सर्वांत उशीर तेंच लावतें. स्वीडनचे आर्ने डाल्क्विस्ट यांनीं १९६० च्या सुमारास हीं द्रव्यें मोजण्याची सोपी रीत बसविल्यावर तें कळून आलें. म्हणजे सीलिअ‍ॅकच्या मुलाला कर्बोदकें पचत नाहींत, हें जुन्या वैद्यांचें निरीक्षण खोटें नव्हतें. तें रोगाचें कारण नव्हतें, परिणाम होता. हास यांच्या यादींत लॅक्टोज कमी केलेलें दूध होतें. केळ्यांतील ग्लुकोज व फ्रुक्टोज सुटे होते. त्यांना तोडणाऱ्या द्रव्याची गरज नव्हती. पिष्ट जवळजवळ नव्हतेंच. कमीत कमी मेहनतीनें अधिकांत अधिक बळ देणारें अन्न त्या उघड्या पडलेल्या आंतड्याला मिळत होतें, म्हणून जुलाब थांबत व वजन वाढे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, केळीं खाऊन पोट भरलेल्या त्या मुलांच्या पानांत पाव येत नव्हता. ग्लूटेनचा मारा थांबला कीं कांहीं महिन्यांत रसांकुर पुन्हां उगवूं लागतात. केळ्यांनीं मुलाला धरून ठेविलें, आणि गव्हाच्या अनुपस्थितीनें तें बरें झालें.

कारण चुकलें तरी मुलें वांचलीं, मग बिघडलें काय? बिघडलें तें उपचार संपल्यावर. हास यांच्या मतें रोग केळ्यांच्या आहारानें कायमचा जात असे, आणि बऱ्या झालेल्या मुलानें सर्वांप्रमाणें खावें. १९३२ सालीं त्यांनीं, पुन्हां न उलटणारा गुण, अशाच शब्दांत आपला दावा मांडला. मूल वर्षदीडवर्षानें गुटगुटीत होऊन घरीं जाई; आई आनंदानें त्याच्या हातीं पाव देई. कित्येकांत जुलाब पुन्हां दिसतहि नसत, कारण मोठ्या वयांत हा रोग पुष्कळदां मूकपणें राहतो. रक्त कमी होत जातें, हाडें ठिसूळ होतात, उंची खुंटते, आणि कारण कोणास कळत नाहीं. आज वैद्य सांगतात कीं गहूं, राय व जव हीं धान्यें जन्मभर सोडलीं पाहिजेत, बालपणापुरतीं नव्हेत. आपल्या देशांत हा रोग उत्तरेकडील गहूं खाणाऱ्या प्रांतांत अधिक आढळतो. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत हा दोष नाहीं, म्हणून महाराष्ट्रांतील अशा रोग्याला भाकरी आणि भात हीं तरी घरचींच राहतात.

डिके १९६२ सालीं वारले. साठीहि त्यांनीं पाहिली नाहीं. हास यांना दीर्घायुष्य लाभलें. १९५१ सालीं, म्हणजे डच प्रबंधानंतर एका वर्षानें, त्यांनीं आपला पुत्र मेरिल यांच्यासह सहाशेंहून अधिक रोग्यांच्या अनुभवावर ग्रंथ लिहिला. त्यांतहि दोष कर्बोदकांचाच. बर्मिंगहॅमचे निष्कर्ष आले, नळीवाटे काढलेल्या आंतड्याचीं चित्रें छापलीं गेलीं, तरी त्यांनीं आपलें मत अखेरपर्यंत सोडलें नाहीं. नव्वदी उलटून १९६४ सालीं ते निवर्तले, तेव्हां त्यांनीं वांचविलेलीं पहिलीं मुलें चाळिशीचीं झालेलीं होतीं. आणि बालपणींच आपला रोग संपला, या विश्वासानें त्यांतील कित्येक रोज सकाळीं न्याहारीला पाव खात असणार.